स्पितीत कुणी गप्प बसत नाही

स्पितीला जाऊन आलेल्यांचे फोटो पाहिले तर वाटावं की तिथे माणसं राहतच नाहीत. मातकट डोंगर, निळंशार आभाळ, कड्याला चिकटलेला गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, आणि लांबवर लाल वस्त्रातला एक भिक्षू. हा भिक्षू नेहमी पाठमोराच असतो. खाली ओळ ठरलेली : ‘इथे शांतता ऐकू येते.’

मीही त्या ओळीला भुलूनच गेले. मी बँकेत काउंटरला बसते. पासबुक का भरत नाही, केवायसी पुन्हा कशाला, मशीन बंद का, साहेब कुठे गेले, हे दिवसभर काचेच्या भोकातून येत राहतं. घरी यावं तर सोसायटीच्या ग्रुपवर टँकरच्या पैशांचं भांडण जुंपलेलं असतं. त्यामुळे सप्टेंबरच्या सुट्टीत मला दर्शन नको होतं, ट्रेक नको होता, साहस तर मुळीच नको होतं. कुणाशी न बोलता नुसतं बसायचं होतं. रोज फोन करणार नाही, असं घरी सांगून ठेवलं. ‘तू? आणि गप्प?’ एवढंच नवरा म्हणाला.

परत आले तेव्हा घसा पुरता बसला होता. थोडा तिथल्या कोरड्या हवेने, बाकी बोलून बोलून.

स्पिती हिमाचलातलं तिबेटच्या सीमेला लागून असलेलं खोरं. मनालीहून जवळ पडतं. ३ ऑक्टोबर २०२० पासून अटल बोगदा सुरू झाल्यामुळे रोहतांगची चढण टळते, पण पुढे कुंझुम खिंड साडेचार हजार मीटरवर, आणि इतक्या झटक्यात वर गेलं की डोकं धरतं. म्हणून मी शिमल्याहून किन्नौरमार्गे गेले. रामपूर, रेकाँग पिओ, मग खाबला स्पिती नदी सतलजला मिळते तो संगम, नाको, सुमदो. एका दिवसाच्या प्रवासात देवदार आणि सफरचंदं मागे पडतात आणि डोंगर उघडे होत जातात. मान्सूनचा पाऊस दक्षिणेकडच्या रांगांवरच सांडून जातो, इकडे पोचत नाही. हिरवं दिसतं ते फक्त माणसाने पाणी नेलंय तिथे. २०११च्या जनगणनेत सगळ्या लाहौल-स्पिती जिल्ह्याची लोकसंख्या ३१,५६४ होती. दर चौरस किलोमीटरला दोन माणसं. इतक्या विरळ मुलखात, सहा महिने बर्फात काढणाऱ्या लोकांच्या हाती नवीन माणूस लागला तर ते त्याला सुखासुखी सोडतील का?

माझी चौकशी किब्बरला झाली. किब्बर हे गाव, स्पितीचं मुख्य ठिकाण असलेल्या काझापासून वीसेक किलोमीटरवर, चार हजार दोनशे मीटरच्या आसपास. घरात राहायची सोय होती. मधल्या खोलीत लोखंडी चूल, तिला ते तंदूर म्हणतात, धूर जायला छपरातून काढलेला पाइप, भोवतीने भिंतीला लागून गाद्या. तंदूरमध्ये शेणी आणि विलोच्या काटक्या. मी बूट काढून टेकते न टेकते तोच घरधनीणीने चहाचा कप हातात दिला आणि सुरू केलं. कुठून आलात? एकट्याच? नवरा का नाही आला? भांडण झालं का? मुलं किती? एकच? का? नोकरी सरकारी की प्रायव्हेट? पगार किती? यातला कुठलाही प्रश्न आमच्या सोसायटीत कुणी विचारला असता तर मी आठ दिवस बोलले नसते. इथे तिने ते ज्या सरळपणाने विचारले, त्याच सरळपणाने स्वतःचंही सांगून टाकलं. नवरा जीप चालवतो, दोन मुलं शिमल्याला वसतिगृहात, थोरलीला दहावीला गणितात कमी पडले, जाऊबाईंशी गेल्या वर्षीपासून बोलणं नाही. पाण्यावरून.

माझं सासर निफाड तालुक्यातलं, कांद्याचं. हे कळलं मात्र, आणि माझी किंमत वाढली. तोवर मी नुसती टूरिस्ट होते.

त्याचं कारण मटार. स्पितीचं जुनं पीक जव आणि काळा वाटाणा. गेल्या काही दशकांत हिरवा मटार आला आणि त्याने घरं बदलली. मैदानात मटार हिवाळ्यात येतो. स्पितीत तो ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तयार होतो, खाली कुणाकडेच नसतो तेव्हा. त्यामुळे व्यापारी ट्रक घेऊन थेट गावापर्यंत येतात आणि माल दिल्ली-चंदीगडच्या मंडईत जातो. मी गेले तेव्हा शेवटची तोडणी चालू होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ध्यानाला बसण्याऐवजी मी वावरात होते.

मटार तोडणं वाटतं तितकं सोपं नाही. एका हाताने वेल धरायचा आणि दुसऱ्याने शेंग देठाशी चिमटायची. ओढली तर वेल मुळासकट हातात येतो, आणि वेल हवा असतो, कारण तो वाळवून हिवाळ्यात जनावरांना घालायचा असतो. शेंगा भरल्यात का हे बघायला बोटाने दाबायचं. पोकळ लागली तर सोडायची, कडक लागली तर उशीर झाला. थोड्या वेळात नखांच्या कडा हिरव्या झाल्या आणि मला धाप लागली. शेजारच्या ओळीत चार नेपाळी मजूर होते, ते माझ्या दुप्पट वेगाने पुढे सरकत होते आणि मोबाइलवर गाणी लावून वर गप्पाही मारत होते. बांधावर गोणी ताणकाट्याला अडकवली की व्यापाऱ्याचा माणूस आकडा मोठ्याने ओरडे आणि घरधनीण तोच आकडा त्याच्याहून मोठ्याने परत ओरडे. त्या ओरडण्यात दोघांचाही एकमेकांवरचा अविश्वास होता आणि कित्येक वर्षांची ओळखही.

‘तुमचा कांदा बरा,’ ती म्हणाली, ‘ठेवता तरी येतो.’ मी म्हटलं, बरा कसला? उन्हाळ कांदा चाळीत भरून ठेवायचा, भाव येईल म्हणून वाट पाहायची, आणि ऐन वेळी निर्यात बंद होते नाहीतर शुल्क लागतं. चाळीत खालचा थर सडत जातो. ती लक्ष देऊन ऐकत होती. मटार दोन दिवसांत पिवळा पडतो, वाटेत मलिंग नाल्याला रस्ता बंद झाला की ट्रकमध्येच संपतो, असं तिने सांगितलं. मग बराच वेळ आम्ही दोघी व्यापाऱ्यांना शिव्या घातल्या. हिमालयात जाऊन मी हे केलं. फार बरं वाटलं.

पाण्याचं भांडणही तिथेच समजलं. बर्फाचं वितळलेलं पाणी कूल खणून, म्हणजे पाट काढून, मैलोन्‌मैल आणलेलं असतं. रात्री ते गावाच्या वर एका तळ्यात साठतं आणि दिवसा पाळीपाळीने सोडतात. पाळी कुणाची, किती वेळ, हे घराण्यांप्रमाणे पूर्वापार ठरलेलं. आमच्याकडे कालव्याच्या आवर्तनाला जी हातघाई होते तीच इथे. फक्त बर्फ कमी पडायला लागल्यापासून तळं पूर्वीसारखं भरत नाही, आणि जावेने एका संध्याकाळी स्वतःची वेळ संपल्यावरही दगड लावला नाही. मला ती जाऊ दुरून दाखवण्यात आली. मी तिच्याशीही बोलून आले. तिचं म्हणणं अर्थातच वेगळं होतं.

घरातले आजोबा, मेमे, शेजारच्या लहान घरात राहत. ही स्पितीची जुनी रीत. थोरल्या मुलाचं लग्न झालं की थोरलं घर, खंगचेन, आणि जमीन त्याच्याकडे जाते. आईबाप खंगचुंगमध्ये, म्हणजे धाकट्या घरात, जमिनीचा एक तुकडा घेऊन राहायला जातात. धाकटे मुलगे गोम्पात. त्यामुळे शेताचे तुकडे पडत नाहीत. इतक्या थोड्या जमिनीवर दुसरी कुठली व्यवस्था टिकली असती असं वाटत नाही. आपण ज्याला खोऱ्याचं अध्यात्म म्हणतो त्यातला केवढा तरी भाग हा वाटणीचा हिशोब आहे, आणि हे सांगताना तिथे कुणाला संकोच वाटत नाही. श्रद्धा त्याने उणी होत नाही. मेमे दिवसभर मणी-चक्र फिरवत. उजव्या हाताने चक्र, डाव्या हाताने नातवाचं मोबाइल चार्जर सोडवणं, ओठांवर ‘ओम मणि पद्मे हुं’, आणि मंत्राच्या मधल्या फटीत सुनेला सूचना : दूध उतू जातंय, कुत्रं आत आलंय, या बाईला अजून एक तिमो, म्हणजे वाफवलेला पाव, वाढ. चक्र थांबलं नाही आणि तोंडही थांबलं नाही.

त्यांनी मला विचारलं, तुमच्याकडे म्हातारे कुठे राहतात? मी म्हटलं, आमच्याकडे उलट असतं, म्हातारे गावातल्या मोठ्या घरात दोघंच, आणि मुलं शहरात दोन खोल्यांत, वर कर्ज. मेमे इतके हसले की चक्राची साखळी दांड्याला गुंडाळली गेली. मग दिवसभर जो येईल त्याला ते हे स्पितीच्या बोलीत सांगत होते, आणि येणारा माझ्याकडे बघून पुन्हा हसत होता.

लांडगा आणि हिमबिबट्या हा संध्याकाळचा विषय. किब्बरच्या लोकांनी एका संवर्धन संस्थेबरोबर जनावरांचा विमा उभा केला आहे. याक किंवा गाढव मारलं गेलं तर भरपाई मिळते, आणि त्यामुळे बिबट्याला मारायची भाषा कमी झाली. आता हिवाळ्यात त्याच बिबट्याचा फोटो काढायला परदेशातून लोक येतात. मेमेंना हे सगळं विनोदी वाटतं. त्यांच्या लहानपणी बिबट्या आला की गाव भांडी वाजवत निघायचं, आता गाव दुर्बीण भाड्याने देतं.

एक अवांतर सांगते. वरच्या मजल्यावरच्या संडासात पाणी वापरत नाहीत. भोक, शेजारी मातीचा ढीग आणि फावडं. खाली जमलेलं वर्षभरात कुजून वसंतात शेतावर जातं. पहिल्या दिवशी मी संकोचत फावडं कुठंय विचारलं तेव्हा घरधनीण म्हणाली, ‘भरपूर खा, भरपूर जा. आमच्या जवाला लागतं.’ असा आग्रह मला आजवर कुणी केला नव्हता.

किब्बरखाली क्ये गोम्पा आहे. एका टेकाडावर घरावर घर रचत गेलेला, सगळ्या पोस्टकार्डांवर असणारा. मंगोलांच्या फौजा, एकोणिसाव्या शतकातले डोग्रा-शीख हल्ले, आग, १९ जानेवारी १९७५चा किन्नौरचा भूकंप, सगळ्यातून पडत-उभा राहत आलेला. आमच्या मेमेंचा धाकटा मुलगा तिथे लामा. त्याच्यासाठी जवाच्या पिठाची पिशवी माझ्याकडे दिली होती, त्यामुळे मला दर्शनार्थींच्या रांगेऐवजी थेट त्याच्या खोलीत प्रवेश मिळाला. खोलीत कुकर, ग्रंथांच्या पोथ्या रेशमी कापडात बांधलेल्या, आणि भिंतीवर हुबळीच्या एका किराणा दुकानाचं कॅलेंडर.

नाशिक म्हटल्यावर तो खुलला. स्पितीतली बरीच मुलं पुढच्या अभ्यासाला उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या मुंडगोडला जातात; तिबेटमधून आलेल्या भिक्षूंनी ड्रेपुंग आणि गांदेन ही विद्यापीठं तिथे पुन्हा उभी केली. हा लामा तिथे कित्येक वर्षं राहिलेला. त्याचा दक्षिण भारत माझ्यापेक्षा पक्का. हुबळी स्टँडवर कुठल्या फलाटावरून बेळगावची गाडी लागते, मिरजेला गाडी किती वेळ थांबते, कुठला डोसा खावा, डासांना काय लावावं. हापूस त्याने बेळगावात खाल्ला होता आणि त्याची आठवण काढताना तो डोळे मिटून जे हसला, ते माझ्या कल्पनेतल्या समाधीच्या फार जवळचं होतं. ‘तिथला उन्हाळा म्हणजे नरक,’ तो म्हणाला, ‘पण वाद शिकायचा तर तिथेच.’

वाद म्हणजे शास्त्रार्थ. गेलुग या तिबेटी बौद्ध पंथात अभ्यासाचा कणाच तो. उत्तर देणारा जमिनीवर बसतो, प्रश्न करणारा उभा. प्रश्न फेकताना तो डावा पाय आपटतो आणि उजवा तळवा डाव्यावर टाळीसारखा आणतो. अंगणात शंभर जोड्या असल्या तर शंभर टाळ्या, शंभर आरोळ्या. ज्यांना आपण जन्माचे मौनी समजतो ते रोज संध्याकाळी तास-दोन तास एकमेकांवर ओरडत असतात. त्यांचा अभ्यासक्रमच तो आहे.

हे मी प्रत्यक्ष पाहिलं ते भिक्षुणींच्या मठात. लामानेच जा म्हणून सांगितलं होतं. पत्र्याच्या छपराची साधी इमारत, अंगणात वाळत घातलेले लाल कपडे, आणि दहा-बारा मुली जोड्या करून भांडत होत्या. मला समजावून सांगायला एक मध्यमवयीन चोमो, म्हणजे भिक्षुणी, बाजूला येऊन बसली. सुरुवातीला रंगांवर वाद असतो, ती म्हणाली. पांढरा घोडा पांढरा आहे का? मी म्हटलं, आहे. तिने लगेच टाळी वाजवली. घोडा सजीव, पांढरा हा रंग. सजीव रंग असतो का? मी म्हटलं, नसतो. पुन्हा टाळी. मग पांढरा घोडा पांढरा कसा? मी अडकले. अंगणातल्या मुली आपला वाद टाकून माझ्याकडे बघत खिदळत होत्या. काउंटरला बसून मी भल्याभल्यांना निरुत्तर केलंय, पण या घोड्याने माझी दांडी उडवली.

मग तिने स्वतःचं सांगितलं. ती भिक्षुणी झाली तेव्हा स्पितीतल्या बहुतेक चोमो घरीच राहत. केस कापलेले, वस्त्र लाल, आणि काम भावाच्या घरचं : शेण, पाणी, भाचरं, वाफ्यातलं गवत. भाऊ लामा झाला की त्याला गोम्पात जागा, गुरू, ग्रंथ. बहीण चोमो झाली की घराला हुंडा न देता, पगार न देता कायमची एक बाई. ‘मला मंत्र येत होते,’ ती म्हणाली, ‘अर्थ कुणी सांगितला नव्हता. विचारलं की म्हणत, तुला काय करायचंय, म्हणत राहा, पुण्य लागतं.’ वाद तर बायकांसाठी नव्हताच. गेलुग पंथातली गेशे ही सर्वोच्च पदवी, २०११ मधल्या एका जर्मन भिक्षुणीचा अपवाद सोडला तर, बायकांना २०१६ पर्यंत मिळत नव्हती. त्या वर्षी पहिल्या वीस भिक्षुणी गेशेमा झाल्या. हा समारंभही मुंडगोडलाच झाला. म्हणजे माझ्या घरापासून एका रात्रीच्या अंतरावर, आणि मला त्याचा पत्ता हजारो फूट वर चढून गेल्यावर लागला.

तिच्या वयाला ते शिक्षण आता पुरं होणार नाही, हे तिला माहीत आहे. पण अंगणातली सगळ्यात लहान मुलगी तिची भाची. ती पाय इतक्या जोराने आपटत होती की चपलेचा पट्टा तुटला. तिने चप्पल भिरकावून दिली आणि अनवाणी पायाने पुढचा प्रश्न टाकला. आत्याबाईंनी ओरडून सांगितलं, आवाज अजून वर काढ.

तिथून निघताना मला आमच्याकडच्या शिबिरांची आठवण झाली. तिथे हजारो रुपये भरून मौन विकत घेतात. मी टिंगल करत नाही, मीही तेच शोधत निघाले होते. पण गप्प बसणं हे सुख आहे की नाही, हे आधी तुम्हाला बोलू दिलं होतं का यावर ठरत असावं.

ताबो मी परतीच्या वाटेवर ठेवलं होतं. ९९६ सालचा गोम्पा. पश्चिम तिबेटातल्या गुगेच्या राजा येशे-ओने तो उभारला, महान भाषांतरकार रिन्चेन झांग्पोचं नाव त्याच्याशी जोडलेलं, आणि तेव्हापासून तिथली पूजा चालू आहे. ज्ञानेश्वर महाराजांचा जन्म व्हायला अजून पावणेतीनशे वर्षं होती. १९९६ साली गोम्पाला हजार वर्षं झाली तेव्हा दलाई लामांनी तिथे कालचक्र दीक्षा दिली. बाहेरून मात्र काहीच नाही : खानदेशातल्या धाब्याच्या घरासारख्या जाडजूड मातीच्या बसक्या भिंती, वर सपाट मातीचं छत. आत गेलं की आधी फक्त अंधार. दिवे नाहीत, फोटोला बंदी. हळूहळू डोळे सरावतात आणि मग भिंतीतून माणसं बाहेर यायला लागतात. डोक्याच्या वर, भिंतीपासून सुटी, मांडी घातलेली मातीची तीसेक देवरूपं, सभोवार बसलेली. त्यांच्या मागे-खाली भिंतभर रंगकाम, काश्मिरी वळणाचं. तांबडा आणि निळा अजून ताजा. मध्ये चारही दिशांना तोंड केलेला वैरोचन बुद्ध. इथे मी खरोखर गप्प बसले. सांगायचं तर वीसेक मिनिटं.

मग राखणदार लामा शेजारी येऊन बसला आणि कुजबुजत म्हणाला, छत गळतं.

गळणार नाही तर काय. हजार वर्षं जिथे बर्फ पडायचा आणि झाडून टाकला की भागायचं, तिथे आता मधूनच पाऊस कोसळतो. मातीचं छत बर्फासाठी आहे, पावसासाठी नाही. पाणी मुरलं की रंगांवर ओघळ येतात. इमारत पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात, त्यामुळे मनाला येईल तसा पत्रा टाकता येत नाही, आणि टाकूही नये. मला आमच्या जुन्या घराची दुरुस्ती आठवली. सासरे पावसाळ्यापूर्वी धाब्यावर खारी माती पसरायचे, तुडवून घट्ट करायचे, पन्हाळं मोकळी करायचे. मी ते सांगितलं आणि लामा एकदम कुजबुजायचं विसरला. माती कुठली? चिकण की भुरभुरीत? तिच्यात काय मिसळता? थर किती जाड? उतार किती? वैरोचनासमोर आम्ही अर्धा तास छपराच्या उतारावर बोललो. त्याची माती वेगळी, माझी वेगळी, माझं ज्ञान तर सासऱ्यांचं ऐकीव. पण त्याने सगळं लक्षपूर्वक ऐकलं.

गावामागच्या कड्यात गुहा आहेत, पूर्वी भिक्षू थंडीत तिथे राहून साधना करत. आता कुणी बसतं का, म्हणून मी त्याला विचारलं. एकांतात बसणारे आजही असतात, तो म्हणाला, पण एकाने बसायचं तर दुसऱ्याने खालून रोज जेवण आणि जळण पोचवावं लागतं. तो तरुणपणी पोचवणारा होता. वर नेताना थुक्पा, म्हणजे शेवयांचं सूप, सांडायचा आणि आतल्या गुरूंना बोलायचं नसल्यामुळे ते नुसते भांड्यात बघत राहायचे. ‘ते बघणं ओरडण्यापेक्षा वाईट,’ तो म्हणाला.

परतताना मलिंग नाल्याजवळ रस्ता बंद होता. हा नाला कुप्रसिद्ध आहे. वरून दगड येत राहतात आणि सीमा सडक संघटनेचे लोक रस्ता पुन्हा पुन्हा मोकळा करतात. बस थांबली. मागे लष्कराचा ट्रक, पुढे मटारच्या गोण्यांनी भरलेले दोन ट्रक. एक ट्रकवाला फोनवर कुणाला तरी शपथेवर सांगत होता की माल अजून हिरवा आहे. बसमधले सगळे उतरले आणि पाच मिनिटांत सगळ्यांना सगळ्यांचं कळलं.

सगळ्यांचं म्हणजे जवळजवळ. रस्त्याच्या कडेला दगड फोडणाऱ्या बायका होत्या, ओढणीने नाक-तोंड बांधलेल्या, पापण्यांवर पांढरी धूळ. त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं. फोटोंतही त्या नसतात. स्पितीतले, लडाखमधले हे रस्ते वर्षानुवर्षं झारखंडच्या, विशेषतः दुमकाकडच्या मजुरांनी बांधले आणि राखले आहेत. उन्हाळ्यात त्यांना आणतात, बर्फ पडायच्या आत परत नेतात. त्यांच्या निळ्या ताडपत्र्यांचे तंबू नाल्याच्या काठाशी होते. पोरं दगडांतच खेळत होती.

मी जवळच्या एकीला बिस्किटाचा पुडा पुढे केला. तिने ओढणी खाली केली. वय असेल पंचविशीचं. कुठली? दुमका. संथाळ. तुम्ही? नाशिक.

‘नाशिक?’ तिने हातोडा ठेवला. ‘माझा दीर तिथेच आहे. अंबडला, कंपनीत.’ मग तिने बाकीच्या बायकांना हाका मारल्या आणि मला त्यांच्या भाषेत दाखवलं. अंबड तुमच्या घरापासून किती लांब? मी म्हटलं, रिक्षाने वीस मिनिटं. वीस मिनिटं! तिथे कसं आहे? पाणी येतं का? खोलीचं भाडं किती घेतात? कंपनी चांगली आहे का? तो म्हणतो ओव्हरटाइम देत नाहीत, खरं का? कांदा तिकडे स्वस्त असेल ना?

सोहरायचा सण दोन-चार महिन्यांवर होता. गाईगुरांचा, नव्या पिकाचा सण, संथाळांची दिवाळीच. दिराने घरी पैसे पाठवायचं कबूल केलं होतं आणि आता फोन उचलत नव्हता. ‘तुम्ही जा,’ ती म्हणाली. हे विनंतीसारखं नव्हतं, काम वाटून दिल्यासारखं होतं. ‘जाऊन त्याला सांगा, वहिनी मलिंगला भेटली होती. म्हणावं, फोन उचल.’

पुढे शिट्टी झाली, मशीन बाजूला सरकलं, कंडक्टर दारावर थापा मारायला लागला. मी पेन काढलं आणि नंबर तळहातावर लिहून घ्यायला लागले. शेवटचे दोन आकडे इंजिनाच्या आवाजात गेले. बस सुटली. ती खिडकीखालून धावत, पत्र्यावर हात आपटत ते दोन आकडे ओरडत होती, आणि तिच्या मागे बाकीच्या तिघीही तेच आकडे ओरडायला लागल्या, हिंदीत आणि संथाळीत एकदमच, त्यामुळे मला काहीच ऐकू येईना, आणि मीही अर्धी खिडकीबाहेर वाकून ओरडले, ‘एकेकीने बोला गं!’